काकी टीव्ही बघायला जायची

टीव्हीच्या दुकानात शिरली की माझी काकी आधी मान आडवी करायची. कान खांद्याला टेकेल इतकी. मग तशाच आडव्या मानेने भिंतीवरचे सगळे टीव्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत जायची. दुकानातला पोरगा नवा असला तर घाबरायचा. "आंटी, तबियत ठीक है ना?" म्हणत खुर्ची आणायला धावायचा. काकी त्याला हातानेच थांबवायची आणि मराठीत सांगायची, "ज्याच्यासाठी घ्यायचाय तो माणूस आडवा पडून बघणार हाय. मी उभी राहून बघितला तर काय कळणार?"

एकदा तर बोईसरच्या एका मोठ्या शोरूममध्ये ती सोफ्यावर चक्क आडवी झाली होती. कुशीवर, पदर नीट सावरून, हाताची उशी करून. आजूबाजूची गिऱ्हाइकं बघत राहिली. मी लाजेने अर्धी झाले. काकी मात्र शांतपणे समोरच्या पडद्यावरचे मासे बघत होती. उठली तेव्हा म्हणाली, "पोरी, हा चांगला हाय. पण आपल्याकडे असा सोफा नाय ना."

तो आडवा माणूस म्हणजे माझे धाकटे काका. तारापूरच्या एमआयडीसीत कापड रंगवायच्या कारखान्यात ते शिफ्ट इन्चार्ज होते. एका सकाळी डबा घेऊन निघताना ओट्यावरच कोसळले. उजवी बाजू गेली. वाचा तेवढी शाबूत राहिली. पाम गावात आमची घरं शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं. काकांचा पलंग माजघरात भिंतीला लावला. पलंगाच्या लोखंडी दांडीवर स्टीलचा पेला आपटला की काकीने यायचं, असा रिवाज पडला. आधी पाणी हवं असेल तर पेला वाजायचा, नंतर कूस बदलायची असली तर, आणि हळूहळू ती नजरेआड झाली तरी वाजायला लागला.

काका वाईट नव्हते. कारखान्यात असताना पोरांना दम द्यायचे आणि दिवाळीला त्याच पोरांना घरी जेवायला बोलवायचे. पण आजारपणात त्यांनी एक हट्ट धरला. काकीखेरीज कुणाच्या हातचं खायचं नाही, कुणी अंगाला हात लावायचा नाही. बेटेगावहून एक बाई ठेवून बघितली. चांगली होती, आजारी माणसांचं केलेली. काकांनी दात घट्ट मिटून घेतले. भाताचा घास ओठांवरून खाली सांडला, तरी उघडले नाहीत. माझी आई चमचा घेऊन बसली, तिचंही तेच. "परक्या हाताने नाय जेवणार मी," म्हणाले. माझी आई म्हणजे त्यांची सख्खी वहिनी, लग्न होऊन आली तेव्हा काका शाळेत होते. तिच्या हातचं जेवूनच मोठे झालेले.

काकीवर बाहेर पडायची बंदी कुणी घातली नव्हती. फक्त तिला बाहेर पडता येत नव्हतं. पुतण्याच्या साखरपुड्याला ती आली नाही, गावच्या जत्रेला आली नाही. माकुणसारला तिचं माहेर, तिथे तिची थोरली बहीण. तिचे डोळे गेले, तरी काकीला जाऊन भेटता आलं नाही. वाणसामान आम्हीच आणून द्यायचो. माजघराला पश्चिमेकडे एक खिडकी होती. तिच्यातून वाडीतली केळी दिसायची, त्यापलीकडे भाड्याने दिलेल्या खोल्यांसमोर कामगारांचे वाळत घातलेले कपडे, आणि संध्याकाळी कारखान्यांचा तो आंबूस वास यायचा. तांदूळ निवडायला, भाजी चिरायला, वेणी घालायला काकी त्या खिडकीशी बसायची. दिवसातलं तिचं बाहेर जाणं तेवढंच.

अशात एक दिवस मस्कतहून निखिलचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला. बाबांसाठी मोठा टीव्ही घ्या, चांगल्यातला चांगला घ्या, बाकी माझ्यावर सोडा. काकांनी पेपरातल्या जाहिराती वाचून निकाल दिला: प्लाझ्मा घ्यायचा. तेव्हा दुकानांत एलसीडी आणि प्लाझ्मा शेजारी शेजारी लावलेले असायचे आणि गिऱ्हाइकांना फरक कळायचा नाही. काकांना न बघताच कळत होता. आयुष्य रंगात गेलेलं. "एलसीडी बाजूने बघितला की फिका पडतो," ते म्हणाले. "आणि त्याचा काळा रंग काळा नसतो, राखेसारखा असतो. काळा पकडणं सगळ्यात कठीण. प्लाझ्मात काळा काळा दिसतो म्हणतात. पण म्हणतात त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाय. कुणीतरी जाऊन बघायला पायजे."

"मी जाते," माझे वडील जातो म्हणतील याची वाट न बघता काकी म्हणाली.

काका तिच्याकडे बघत राहिले. मी तिथेच होते. ते नको म्हणणार असं मला वाटलं. पण टीव्हीची हौस मोठी होती, आणि रंगाच्या बाबतीत दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. लग्नानंतर पहिली काही वर्षं ते कारखान्यातून कापडाचे तुकडे घरी आणून काकीला विचारायचे, यातला कुठला गडद? तिचं कधी चुकलं नाही म्हणे. "बाळूला बोलव," ते शेवटी म्हणाले. "तो बसेल तोपर्यंत. पण लवकर ये."

बाळूदा त्यांचे कारखान्यातले जुने सोबती, निवृत्त झालेले, कुंभवलीला राहायचे. ते येऊन खुर्चीत बसले. काकांनी काकीला कपाटातला एक काळा सुती तुकडा काढायला लावला, त्यांच्या हातचा रंगवलेला. तो पडद्याशेजारी धरून बघायचा. माझ्या कंपनीची सुट्टी शुक्रवारी असायची, म्हणून सोबतीला मी. काकी ठेवणीतली निळी साडी नेसून ओट्यावरून खाली उतरली आणि रस्त्यावर आल्यावर थांबली. मला वाटलं काही विसरली. ती नुसती उभी होती. मग म्हणाली, "चल."

पहिल्या शुक्रवारी आम्ही बोईसरची दोन दुकानं बघितली. काकीने पिशवीतून काळा तुकडा काढून पडद्याला लावला. दुकानातल्या पोराने दुसऱ्याला खुणेने बोलावलं, दोघे हसू दाबत बघत राहिले. काकीने एलसीडीशेजारी तुकडा धरला आणि मान हलवली. प्लाझ्माशेजारी धरला, मान आडवी केली, बराच वेळ बघितलं. "हा काळा हाय," म्हणाली. घरी गेल्यावर काकांना तिने सगळं सांगितलं. काका ऐकताना इतके रंगले की बाळूदांच्या हातून चहाचे दोन घोट कधी घेतले ते त्यांना कळलंही नाही. मग म्हणाले, "पण तो तापतो किती? ते विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. म्हणजे पुन्हा जायला हवं.

पुढच्या वेळी काकीने टीव्हीच्या पाठीमागे हात घालून तळवा टेकवला, काकांचा ताप बघताना टेकवायची तसा. "तापतो. पण सोसेल इतका." त्याच्या पुढच्या वेळी बातम्यांच्या वाहिनीचं चिन्ह काचेवर कायमचं छापून राहतं का, हे विचारायचं होतं. मग बोईसरचं व्होल्टेज वर-खाली होतं त्याचं काय. मग समुद्राच्या खाऱ्या हवेत आतलं काही गंजेल का. बेचाळीस इंची घ्यावा की पन्नास. काका आठवडाभर प्रश्न जमवायचे, काकी शुक्रवारी उत्तरं आणायची. बोईसर संपल्यावर आम्ही पालघरला जायला लागलो. कचेरी रोडवरच्या दुकानाचा शेठ तर काकी दिसली की आपणहून वाहिनी बदलून क्रिकेट लावायचा, कारण हिरवळ कशी दिसते ते तिला बघायचं असतं हे त्याला पाठ झालं होतं.

दुकानातलं काम लवकर आटपायचं. त्यानंतरचा वेळ काकीचा. बोईसरला नवापूर नाक्यावर उभ्याने चहा प्यायची. ग्लास दोन्ही हातांत धरून म्हणायची, "कुणी केलेला आयता चहा, पोरी. याची चवच वेगळी." बाजारात काही घ्यायची नाही, नुसती बघत चालायची. बांगड्या, कुकर, शाळेची दप्तरं, सगळं. वेळ उरला तर आम्ही शेअर रिक्षा करून नवापूरच्या किनाऱ्यावर जायचो. तिथे बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातलेले असायचे. वाळवणाजवळच्या कोळणींशी काकी गप्पा मारायची. त्यातली एक एकदा म्हणाली, "तुमी दर शुक्कारी येता, न्हेत काय नाय. कशाला येता तं?"

"टीव्ही बघायला," काकी म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना.

मला ते कळायला उशीर लागला. मी आपली खरंच टीव्ही शोधत होते. एकदा पालघरच्या दुकानात एक पन्नास इंची प्लाझ्मा बघितला. काळा काळा होता, बाजूने रंग उडत नव्हता, धावणारा खेळाडू पडद्यावर फरफटत नव्हता. मी म्हटलं, "काकी, यात काय कमी आहे? घेऊन टाकू या."

"घाई काय हाय?" ती म्हणाली. "नवरा न दाखवता दिला मला. टीव्ही तरी बघून घेऊ दे."

शेठ खो खो हसला. काकीने मग काचेवर बोट ठेवलं. पडद्यात दुकानाचं दार दिसत होतं, रस्त्यावरची रिक्षाही. "ही काच आरशासारखी हाय. आमच्याकडे खिडकी हाय पश्चिमेला. दुपारचं सगळं ऊन यात दिसेल."

"पडदा लगा दो ना, बहेन. काला, मोटा. फिर देखो पिक्चर," शेठ म्हणाला.

"आणि मंग मी कुठं बघू?" काकीने विचारलं. शेठला काही समजलं नाही. तो पुन्हा हसला.

त्या दिवशी किनाऱ्यावर बसल्यावर ती आपणहून बोलली. "पोरी, टीव्ही घेतला की संपलं ना गं." एवढंच. वाळूत पाय पसरून बसली होती, टाचांना भेगा पडलेल्या. मी त्यानंतर कधी घेऊन टाकू म्हटलं नाही. उलट दुकानात काही खोट दिसली तर आधी मीच बोट दाखवायला लागले.

आणि मग माकुणसार. पालघरला निघालेलो असताना एसटी स्टँडवर काकी अचानक म्हणाली, "ताईला बघून येऊ." मी घड्याळ बघितलं. ती म्हणाली, "घड्याळ नको बघूस." आम्ही गेलो. तिची ताई अंगणात खाटेवर बसली होती. आवाज ओळखून तिने दोन्ही हात पुढे केले आणि काकीचा चेहरा चाचपला. कपाळ, गाल, हनुवटी. "वाळलीस गं किती," म्हणाली. "तो कसा हाय?" काकी म्हणाली, "बरे हायत." दोघी एकमेकींचे हात धरून बसून राहिल्या. निघताना ताईने सुनेला हाक मारली, केळीचा एक घड बांधून दे म्हणाली, आपल्या वाडीतला.

"नको ताई," काकी म्हणाली. "टीव्हीच्या दुकानात केळी मिळत नायत."

ताईला ते काय कळलं माहीत नाही. तिने सुनेला थांबवलं आणि एक केळं सोलून तिथेच काकीच्या तोंडात भरवलं. स्वतःच्या हाताने, चाचपत. कुणी काकीला भरवताना मी पहिल्यांदाच बघत होते.

परतीची एसटी आलीच नाही. रिक्षा मिळेपर्यंत ऊन उतरलं. पामला पोचलो तर पेल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. बाळूदा ओट्यावर येरझारा घालत होते, त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. "वहिनी, पाणीसुद्धा घेतलं नाय त्यांनी. मला हात लावू दिला नाय." आत गेल्यावर वासानेच कळलं. काकांचं अंथरूण भिजलं होतं, आणि त्यांनी बाळूदांना ते बदलू दिलं नव्हतं. काकीने निळी साडी न बदलताच पदर खोचला. मी मदतीला पुढे झाले तर काका ओरडले, "पोरीला बाहेर काढ!"

मी दाराआड उभी राहिले. काकी त्यांना पुसत होती, चादर ओढून काढत होती. मग काकांचा आवाज आला, एकदम बारीक.

"मला वाटलं, तू गेलीस."

"कुठं जाणार मी?"

"ते नाय माहीत. गेलीस असं वाटलं."

आणि थोड्या वेळाने: "कसा होता? आजचा?"

"पन्नास इंची होता," काकी म्हणाली. "काळा चांगला हाय. पण आवाजात जरा घरघर हाय." तिने सगळं नीट सांगितलं, काच कशी, कड किती जाड, बाजूने कसा दिसतो. न बघितलेल्या टीव्हीबद्दल इतकं खरं वाटेल असं बोलणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही. काका हूं, हूं म्हणत ऐकत होते.

त्यानंतर शुक्रवार आखूड झाले. फक्त बोईसर, आणि जाऊन लगेच परत. तरी जायचो. एका शुक्रवारी ओळखीच्या पोराने सांगितलं, "आंटी, प्लाज्मा बनना बंद हो रहा है. ये लास्ट पीस है. इसके बाद सब एलईडी." काकीने त्या टीव्हीकडे बघितलं, यावेळी मान सरळ ठेवून. घरी येऊन तिने ही गोष्ट सांगितली नाही. पण काका पेपर वाचायचे. त्यांनी निखिलला फोन करून सांगितलं की तुझी आई बघत बसली आणि तिकडे बनवायचेच बंद झाले.

निखिल सुट्टीवर आला आणि दुसऱ्याच दिवशी बोईसरला जाऊन तो शेवटचा टीव्ही टेम्पोत घालून घेऊन आला. दुकानात किती वेळ लागला विचारलं तर म्हणाला, "वेळ कसला? पसंत करायचं काय त्यात?" भिंतीत मोठे खिळे ठोकले. खिडकीला जाड काळा पडदा लावला. माजघरात भरदुपारी अंधार झाला आणि त्या अंधारात पडदा असा उजळला की आमची सगळी वाडी आ वासून बघत राहिली. काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "काळा बघ," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "काय काळा हाय!" काकी सगळ्यांना चहा देत फिरत होती. माझ्यापाशी आली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती म्हणाली, "साखर बरोबर हाय ना?"

निखिल परत गेल्यावरचा शुक्रवार. मी सवयीने त्यांच्याकडे गेले. काकी निळी साडी नेसून उभी होती. काका टीव्ही बघत होते, त्यांनी आवाज बंद केला.

"कुठं?"

"बाहेर."

"आता काय आणायचंय?"

"काय नाय."

"मंग?"

काकीने पदर खांद्यावर घेतला. "मला बाहेर जायचंय," ती म्हणाली. "टीव्ही बघायला नाय. नुसतं. शुक्रवारी थोडा वेळ. बाळूभाऊ बसतील."

काकांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा आधीच वाकडा झालेला, तो आणखी वाकडा झाला. "म्हणजे मला फसवलंस? इतके दिवस?"

"फसवलं नाय. शोधत होते तुमच्यासाठीच. जात होते माझ्यासाठी."

इतकं सरळ बोलताना मी तिला आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. काकांनी तोंड भिंतीकडे केलं. काकीने चपला घातल्या आणि आम्ही ओट्यावर आलो. पेला वाजला नाही. वाजला असता तर ती गेली असती, असं मला आजही वाटतं. आतून काहीच आवाज येईना, तेव्हा ती थांबली, परत आत गेली, आणि त्यांच्या छातीवर हात ठेवून श्वास बघितला. त्या दिवशी काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मस्कतहून फोन आला: "आई, अगं या वयात काय हे? बाबांना त्रास होतो." काकीने ऐकून घेतलं. निळी साडी धुऊन, घडी घालून कपाटात ठेवली. बाळूदांना तिने पुन्हा बोलावलं नाही.

एक मात्र झालं. रोज दुपारी ती काळा पडदा थोडासा सरकवायची, स्वतःच्या डोक्याइतका, आणि तिथे तांदूळ निवडत बसायची. उन्हाची पट्टी थेट टीव्हीच्या काचेवर पडायची. मैदानाचा अर्धा भाग दिसेनासा व्हायचा. काकांनी त्यावर कधी अक्षर काढलं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी बोईसरला चित्रालयापाशी राहायला आले. जाऊन येऊन असायचे. काकी म्हातारी झाली नाही, वाळत गेली. एका सकाळी मागच्या दारी कपडे धुताना बसल्या जागी गेली. हृदय, डॉक्टर म्हणाले. काकांचा पेला बराच वेळ वाजत होता म्हणे. शेवटी माझी आई बघायला गेली.

निखिल आला, दिवस झाले, आणि जाताना त्याने काकांसाठी चोवीस तासांचा माणूस ठेवला. बिहारचा, संतोष नावाचा, एमआयडीसीतली नोकरी सोडून या कामाला लागलेला. मला वाटलं काका याला दोन दिवसांत पळवून लावतील. पहिल्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी संतोषने वरणभात कालवला, घास पुढे केला, आणि काकांनी तोंड उघडलं. आई मला फोनवर सांगत होती, तिला बरं वाटलं होतं. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. इतकं सोपं होतं ते.

कित्येक महिने मी तिकडे गेले नाही. राग होता, आणि तो कुणाला दाखवावा हे कळत नव्हतं. अर्ध्या अंगाने पडलेल्या म्हाताऱ्यावर किती रागवणार? शेवटी एका दुपारी गेले. टीव्ही बंद होता. संतोष म्हणाला, "बाबूजी अब देखते नहीं." काकांनी मला जवळ बसायला सांगितलं.

"मनू, एक विचारू? तुझ्याबरोबर ती जायची तवा... काय करायची ती?"

मी सांगायला लागले. नाक्यावरचा चहा सांगितला. बांगड्या, कुकर, दप्तरं बघत कशी चालायची ते. वाळवणाजवळच्या कोळणी. सोफ्यावर झोपली होती ते सांगितल्यावर त्यांच्या तोंडाची एक बाजू हसली. माकुणसारचंही सांगितलं.

"ताईला भेटली?"

"हो. ताईने तिला केळं भरवलं."

"मला सांगितलं असतं तर मी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मीही ते पुरं करून दिलं नाही. संतोषने त्यांचे डोळे पुसले. त्यांनी पुसू दिले.

"अजून?" ते म्हणाले. "अजून सांग."

होतं तेवढं सांगितलं. कारखान्यांचा वास यायला लागला तशी मी पर्स उचलली. काकांनी चालत्या हाताने माझं मनगट धरलं. त्या हाताला अजून चांगली ताकद होती.

"बस ना. एवढ्यात कुठं? काय काम हाय?"

"काम काही नाही, काका."

"मंग कुठं जायचंय?"

"कुठे नाही," मी म्हणाले. हळूच मनगट सोडवलं, चपला घातल्या आणि निघाले.